एरच बीचची कंट्रोल

अनुसूया हर्डीकरांनी तेहतीस वर्षं नद्यांची नोकरी केली, पण नदीत कधी पाऊल घातलं नाही. झाशीतल्या एका सरकारी कचेरीत पाण्याच्या पातळीचा कक्ष होता. तिथे एक टेबल, दोन फोन आणि एक खिडकी. खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा. ठिकठिकाणच्या घाटांवरून माणसं फोन करून पातळी सांगायची, ती अनुसूयाबाई लिहून घ्यायच्या आणि रोज सकाळी आठला पत्रक काढायच्या. पत्रक अकरा ठिकाणी जायचं आणि अकराही ठिकाणी फायलीला लागायचं. एकदा घाईत त्यांच्या हातून बेतवा नदीचे आकडे धसान नदीच्या रकान्यात पडले आणि धसानचे बेतवेच्या. दिवसभर त्या धास्तावून फोनकडे बघत बसल्या. कुणाचाही फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून शुद्धिपत्र काढलं. तेही फायलीला लागलं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. प्रेम नगरच्या घरी त्या, त्यांचे यजमान विद्याधर, मुलगा आशिष आणि सून सलोनी अशी चार माणसं. सलोनी माहेरची टहरौलीची, बोली बुंदेली. लग्नानंतर चार वर्षांत ती मराठी शिकली होती, तीही अशा हिमतीने, की क्रियापद सापडलं नाही तर जवळ असेल ते लावून पुढे जायची. सासूचं आणि तिचं चांगलं जमायचं, कारण दोघींनाही बोलायला आवडायचं आणि घरातल्या दोन्ही पुरुषांना ऐकायला आवडत नसे.

या उन्हाळ्याच्या भानगडीची सुरुवात सलोनीनेच केली. मे महिन्यात एरचपाशी बेतवा आटते, तिचे दोन प्रवाह होतात आणि मधे वाळूचं लांबलचक बेट उघडं पडतं. पूर्वी तिथे टरबुजांचे वेल आणि बगळे सोडून कुणी नसायचं. गेल्या वर्षी झाशीच्या दोन-चार पोरांनी तिथले फोटो टाकले, आणि यंदा तिथे रंगीत छत्र्या लागल्या, काकडीवाले आले, नावा सुरू झाल्या. पंचेचाळीस डिग्रीत भाजणाऱ्या झाशीला एकदम कळलं, की आपल्यालाही बीच आहे. सलोनीने मैत्रिणींबरोबर व्हॉट्सॲपवर ‘एरच बीच समर अपडेट’ नावाचा ग्रुप काढला आणि आकडा वाढावा म्हणून सासू-सासऱ्यांनाही त्यात घातलं.

चौथ्या दिवशी कुणीतरी विचारलं, आज पाणी किती आहे, नाव चालते का. सतरा जणांनी सतरा उत्तरं दिली. एकाने तर समुद्राचाच फोटो टाकला. अनुसूयाबाईंना ते बघवेना. त्यांनी जुनी डायरी काढून एरचच्या घाटावरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, त्याने परमू नावाच्या नावाड्याचा नंबर दिला. परमूशी बोलून अर्ध्या तासात त्यांनी कचेरीतल्या हिंदीत मजकूर टाकला: ‘सर्व संबंधित को सूचित किया जाता है’ इथपासून सुरुवात, खाली डाव्या प्रवाहाची खोली, उजव्या प्रवाहाची खोली, वाऱ्याची दिशा, वाळू अनवाणी पायांना किती वाजल्यापासून सोसेल ते, आणि शेवटी सूचना क्रमांक एक.

लोकांना ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून माणसं सूचना क्रमांक दोनची वाट पाहू लागली. आठवड्यात ग्रुप भरला, दुसरा काढावा लागला. काकडी कुठल्या टोकाला स्वस्त, दुपारी कुठली छत्री सावलीत येते, कुठे वाळू भुसभुशीत आहे, सगळं अनुसूयाबाई लिहायच्या. त्यांनी नाव घातलं नव्हतं. जुन्या सवयीने खाली फक्त ‘कंट्रोल’ एवढंच लिहायच्या. मग ग्रुपवर ‘कंट्रोल साहब का आदेश आ गया’ असं सुरू झालं. विद्याधर हे सगळं आतल्या खोलीतून वाचत आणि प्रत्येक सूचनेला हात जोडल्याची खूण टाकत. ती कोण लिहितं ते त्यांना माहीत होतं, पण समोरासमोर कौतुक करायचं म्हणजे त्यांना अवघड जायचं.

विसाव्या सूचनेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. त्या दिवशी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. डोक्यावर टोपलीभर टरबुजं. त्याने आपलं नाव ‘हलके’ असं सांगितलं, घाटावरून पत्ता काढत आलो म्हणाला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, की उजव्या प्रवाहात नाव चालवणारा तो. तो प्रवाह गुडघ्याएवढा आहे. त्यातून गाई चालत जातात. गेले सहा दिवस कंट्रोल साहेब त्याला ‘खोल व धोकादायक’ लिहितात, त्यामुळे त्याच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. साहेब घरात असतील तर भेटायचं होतं.

अनुसूयाबाईंनी विचारलं, परमू असं का सांगेल. हलके म्हणाला, परमू त्याच्या बहिणीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या वरातीत पुढे कोणी चालायचं यावरून वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. अनुसूयाबाईंचा चेहरा उतरला. तेहतीस वर्षांत चुका झाल्या असतील, पण कुणाच्या भाऊबंदकीसाठी त्यांनी नदीची खोली वाढवली नव्हती. टरबुजं त्यांनी परत दिली. एक त्याने बळेच ठेवलं. दुपारी शुद्धिपत्र निघालं: ‘दाहिनी धारा घुटने तक है. त्रुटि के लिए खेद है.’ त्याला चारशे लोकांनी हात जोडले. मग त्यांनी सलोनीला सांगितलं, की आता आपण स्वतः जाऊन बघायचं.

सलोनीला तेच हवं होतं. ‘आई, तुम्ही चिंता नका करो,’ ती म्हणाली, ‘मी तुमचा हात पकडून ठेवीन, सोडणारच नाही आहे.’

विद्याधरांनी उन्हाचं कारण सांगून अंग काढून घेतलं. आशिषला सुट्टी नव्हती. गाडीची सोय मात्र अनपेक्षित झाली. ग्रुपमध्ये बबीन्याच्या छावणीतली रोहिणी नावाची बाई होती. नवरा फौजेत कॅप्टन, माहेर देवगडचं. तिने पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं होतं, की ज्याने समुद्र पाहिलाय त्याने याला बीच म्हणायचं धाडस करू नये, आणि त्यावर शंभर लोक तिच्यावर तुटून पडले होते. सलोनीने तिच्याशी भांडता भांडता मैत्री केली. रविवारी दुपारी रोहिणी गाडी घेऊन प्रेम नगरला आली.

वाटेत रोहिणी आणि अनुसूयाबाई मराठीत बोलत होत्या आणि दोघींनाही एकमेकींचं मराठी मजेशीर वाटत होतं. अनुसूयाबाईंनी ‘पडशीतला गडवा काढ’ म्हटल्यावर रोहिणीने गाडी हळू करून विचारलं, काय काढू. मागून सलोनीने पिशवीतला पाण्याचा तांब्या काढून दिला आणि सांगितलं, की मराठी येत नसेल तर विचारत जा.

बेटावर उतरल्यावरच अनुसूयाबाईंनी डोळे उघडले. परमूच्या नावेतून त्या डोळे मिटून आल्या होत्या, सलोनीचं मनगट इतकं घट्ट धरून, की बांगडीचा ठसा उमटला. आता पायांखाली खरी वाळू होती. दोन्ही बाजूंना ज्या प्रवाहांचे आकडे त्यांनी आयुष्यभर लिहिले ते प्रवाह होते, आणि ते आकड्यांपेक्षा पुष्कळ रुंद होते. छत्र्यांखाली माणसं पसरली होती. कुणी गॉगल लावून पालथं पडलं होतं, कुणी घरून पुऱ्या-बटाटे आणले होते. एका आजोबांनी धोतराचा सोगा वर खोचून पाण्यात खुर्ची मांडली होती आणि ते तिच्यावर बसून पेपर वाचत होते. रोहिणीने इकडेतिकडे पाहून, थोडं नाइलाजाने, वाळू बरी आहे असं कबूल केलं.

आपल्याला इथे कुणी ओळखत नाही, ही गोष्ट अनुसूयाबाईंना फार आवडली. काकडीवाल्याला त्यांनी सहज विचारलं, की हे कंट्रोल कोण. त्याने मीठ लावता लावता खात्रीने सांगितलं, की रिटायर कर्नल आहेत, समोरच्या टेकडीवर राहतात, दुर्बिणीतून सगळं बघतात, मिश्या एवढ्या. अनुसूयाबाईंनी टेकडीकडे पाहून मान डोलावली आणि आणखी एक काकडी घेतली.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना त्या पाण्याच्या कडेला पाय भिजवत उभ्या होत्या. साडी घोट्यापर्यंत उचललेली. तेव्हा पायाला काहीतरी लागलं. गवताची काडी. मग आणखी काड्या, सुकी पानं, गोवरीचा तुकडा, फेसाचा पट्टा. पाणी मघाशी काचेसारखं होतं, ते आता चहासारखं झालं होतं. तेहतीस वर्षं घाटांवरची माणसं फोनवर हेच सांगत आली होती: बाईजी, कचरा आ रहा है. कचरा आला, की अर्ध्या-पाऊण तासाने पाणी येतं. त्यांनी ते शेकडो वेळा लिहून घेतलं होतं. पाहिलं मात्र आज पहिल्यांदा.

पावसाचा पत्ता नव्हता, म्हणजे वर कुठेतरी कालव्यासाठी धरणाचे दरवाजे उघडले असणार. त्यांनी जवळच्या छत्रीत जाऊन सांगितलं, की पाणी चढतंय, निघा. छत्रीतल्या तरुणाने आदराने उठून त्यांना मोबाईल दाखवला. ‘आंटीजी, घबराइए मत. कंट्रोल ने लिखा है, शाम सात बजे तक स्थिति सामान्य.’

ते त्यांनीच सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लिहिलं होतं.

दुसऱ्या छत्रीतही तेच. तिसऱ्या छत्रीतल्या बाईने त्यांना सावलीत बसवून सरबत देऊ केलं आणि ऊन लागलं असेल म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी अनुसूयाबाईंनी सांगून टाकलं, की कंट्रोल मीच आहे. यावर लोक हसले, दुखावणारं नव्हे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हसतात तसं. काकडीवाल्याने तर आवाज दाबून सगळ्यांना आठवण करून दिली, की कर्नलसाहेब टेकडीवर आहेत.

सलोनीचा पारा चढला होता. ती बुंदेलीत सगळ्या बेटाशी एकटीने भांडायला निघाली होती. रोहिणी मात्र पाण्याकडे एकटक बघत होती. ती म्हणाली, ‘माझे बाबा खाडीकडे असंच बघायचे, आणि मग काही न बोलता होडी वर ओढायचे. काकू, यांना तुमचं तोंडी पटणार नाही. लिहा.’

अनुसूयाबाईंचा फोन पाण्यापासून जपलेला होता. तो रुमालात, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींना त्यांच्या हातची गाठ. गाठ सुटेना. रोहिणीने दातांनी तोडली. चष्मा लावून त्या वाळूत बसल्या आणि टाइप करू लागल्या. सलोनी वरून म्हणत होती, ‘आई, फक्त भागो लिहा. भागो.’ पण त्यांनी ऐकलं नाही. नुसतं भागो लिहिलं तर ते कुणीही लिहिल्यासारखं होईल. सर्व संबंधित को सूचित किया जाता है. वेळ चार अठ्ठावन्न. नदीचा स्तर वाढतो आहे. सगळ्यांनी तात्काळ बेट सोडावं. लहान मुलं, स्त्रिया आणि वृद्ध आधी. सूचना क्रमांक चोवीस. कंट्रोल.

बेटभर फोन वाजले. एका छत्रीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे, जणू कुणीतरी घंटा हलवत पळत गेलं. आणि सव्वाशे-दीडशे माणसं एकदम उठली. सरबतवाली बाई मोबाईल हातात धरून अनुसूयाबाईंकडे बघत राहिली, मग त्यांच्या फोनकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तिने पदर डोक्यावर घेतला.

एकदा कळल्यावर लोक त्यांचं इतकं ऐकू लागले, की श्वास घ्यायचा की नाही तेही विचारतील असं वाटावं. अडचण नावांची होती. एरचच्या बाजूने परमूच्या दोन नावा, त्यात एका वेळी पंचवीस माणसं. हलकेची मोठी नाव उजव्या प्रवाहात. अनुसूयाबाईंनी हलकेला बोलावून सांगितलं, की तुझ्या बाजूने आलेल्या तरण्या लोकांना दोर धरून उजव्या प्रवाहातून चालत जाऊ दे, आणि तू नाव वळवून डावीकडे आण. हलके म्हणाला, आणतो, पण घाटावर परमू मला लागू देणार नाही. परमू तिथेच उभा होता. त्याने नदीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हटलं की घाट काही हलकेच्या बापाचा नाही.

‘परमू,’ अनुसूयाबाई म्हणाल्या, ‘हलके की रस्सी तुम पकड़ोगे. और सहा दिवस मला खोटं सांगितलंत त्याचं नंतर बघू.’ अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण परमूला सगळं कळलं. हलकेची नाव टोकाला वळसा घालून आली तेव्हा त्याने दोर झेलला आणि खुंटीला बांधला. दोन वर्षांनी तो मेहुण्याशी पहिलं वाक्य बोलला. ते वाक्य असं होतं, की गाठ मी बांधतो, तुला बांधता येत नाही.

खेपा सुरू झाल्या. पलीकडे जायला चार मिनिटं, यायला चार. रोहिणी कवायतीच्या मैदानावर उभी राहावी तशी काठावर उभी राहून माणसं मोजून नावेत चढवत होती. सलोनी लोकांच्या हातातले कूलर आणि खुर्च्या काढून फेकत होती आणि माणसाला आधी बस म्हणत होती. पेपर वाचणारे आजोबा शेवटचं पान संपवून मगच उठले. पाणी आता छत्र्यांच्या मुळाशी होतं, मग पहिल्या रांगेच्या छत्र्या वाकल्या, आणि एक मोठा स्पीकर गाणं म्हणता म्हणता थोडा वाहत गेला आणि मग गप्प झाला.

शेवटच्या खेपेला अनुसूयाबाई निघाल्या. हलकेची नाव काठापासून दोन हात दूर थांबली होती आणि मधे कमरेइतकं पाणी. त्यांनी एकदा मागे पाहिलं, साडी सावरली आणि पाण्यात उतरल्या. तळ सरकत होता, प्रवाह गुडघ्यांना ओढत होता. इतकी वर्षं जिची खबर ठेवली ती एवढी ताकदवान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सलोनीने एका बाजूने धरलं होतं, हलकेने दुसऱ्या. नावेत त्या हलकेच्या टरबुजांच्या ढिगावर बसल्या आणि या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले.

साडेपाचला बेटाचं नुसतं पाठीचं हाड दिसत होतं. पावणेसहाला तेही नाही. घाटावर सगळी माणसं उभी राहून जिथे ती तासाभरापूर्वी काकडी खात होती तिकडे बघत होती. मोजणी झाली, सगळे आले होते. काकडीवाल्याची टोपली गेली होती. तो अनुसूयाबाईंपुढे येऊन थोडा वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, की मिश्यांचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

साडी कमरेपर्यंत चिंब आणि वाळूने भरलेली. तशा अवस्थेत सत्तर किलोमीटर जाणं शक्य नव्हतं. रोहिणीच्या गाडीत नवऱ्याची खेळाची बॅग होती, तीत हिरवी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट निघाला. अनुसूयाबाईंनी आयुष्यात साडीशिवाय काही नेसलं नव्हतं, पंजाबी ड्रेससुद्धा नाही. त्यांनी नको म्हणून पाहिलं. सलोनी आणि सरबतवाल्या बाईने चादर धरली आणि त्यांना आत ढकललं. बाहेर आल्या तेव्हा पँटचे पाय चार वेळा दुमडलेले होते. परमू आणि हलके दोघांनी एकाच वेळी नजर खाली घातली.

वाटेत सलोनीचा फोन वाजला, तिने तो सासूच्या हातात दिला. पलीकडे त्यांच्या जुन्या कक्षात आता बसणारा संकेत नावाचा मुलगा होता. ग्रुपवरचं त्याच्यापर्यंत पोचलं होतं आणि सलोनीचा नंबरही त्याला तिथेच मिळाला होता. आवाज रडवेला. त्याने सांगितलं, की दरवाजे उघडणार हे पत्रक त्याने दुपारी बारालाच काढलं होतं, अकराही ठिकाणी पाठवलं होतं. अनुसूयाबाईंनी त्याला शांत केलं. त्यात तुझी चूक नाही, असं सांगितलं. मग म्हणाल्या, उद्यापासून बारावी प्रत मला पाठव. ती मी लोकांना वाचायला लावीन.

घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. दार उघडंच होतं आणि विद्याधर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. सूचना चोवीस आल्याबरोबर त्यांनी सवयीने हात जोडल्याची खूण टाकली होती. ती टाकून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की सूचना लिहिणारी बाई त्या बेटावरच आहे. त्यानंतर त्यांनी तिला एकोणीस फोन केले होते, सलोनीला करायचं सुचलंच नव्हतं. एकही उचलला गेला नव्हता, कारण फोन पुन्हा दोन पिशव्यांत बांधला गेला होता.

ते उठून उभे राहिले. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग नजर खाली हिरव्या पँटकडे गेली. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्यांना नेहमीसारखंच ते सापडत नव्हतं.

‘याला खिसे आहेत का?’ त्यांनी विचारलं.

‘आहेत,’ अनुसूयाबाई म्हणाल्या. ‘दोन.’ आणि दोन्ही खिशांत हात घालून त्या घरात गेल्या.